पितळी तांब्या कोण?

“मॅडम, नाव सांगा. बाकी काही नको.”

अण्णांचं हे एकदा सोडून अनेकदा म्हणून झालं होतं. अण्णा म्हणजे नगरपंचायतीचे अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, फाइल चाळल्याचं नाटक करत बसलेले. डाव्या हाताला विष्णूभाऊ, अण्णांचे पीए. आणि दाराजवळ, खुर्ची रिकामी असूनही न बसता, महादेव उभा होता.

महादेव पाण्याच्या टाकीवर कंत्राटी कामाला. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे त्याचं काम. त्याचं कंत्राट अण्णांच्या शब्दावर पुढे सरकायचं. घरात कमावणारा तो एकटा. आज त्याची नोकरी राहणार की जाणार, हे त्या केबिनमध्ये ठरायचं होतं.

“नाव माझ्याकडे नाही,” मी म्हणाले.

“सर्व्हर कुणी बसवलाय?” विष्णूभाऊंनी विचारलं.

“आमच्या कंपनीनं.”

“मग नाव कावून न्हाई?”

प्रश्न चोख होता. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी अंबाजोगाईची. वडिलांचं मोंढ्यात किराणा दुकान. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली आणि मग बीडला येऊन स्वतःची छोटी कंपनी टाकली. दोन खोल्या, चार माणसं आणि एक इन्व्हर्टर. आमच्याच जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीनं आम्हाला काम दिलं. कुठल्या, ते सांगणार नाही. नाव न सांगणं हाच तर या गोष्टीतला माझा धंदा आहे.

त्या गावाची अडचण साधी होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर खऱ्या नावानं कुणी खरं बोलत नव्हतं. फेसबुकवर खोट्या नावानं लोक शिव्यांशिवाय दुसरं काही बोलत नव्हते, आणि त्यात निम्मे गावाबाहेरचे. सीओ साहेब नाशिककडचे, नवीन आलेले, उत्साही. त्यांनी मला तीन अटी सांगितल्या. बोलणारा आपल्याच गावचा असला पाहिजे. एका माणसाला एकच तोंड पाहिजे. आणि कोण बोललं, ते कुणालाही कळता कामा नये.

“कुणालाही म्हणजे?” मी विचारलं.

“मलासुद्धा. तुम्हालासुद्धा.”

मी जमेल म्हणून बसले आणि ऑफिसात येऊन डोक्याला हात लावला. पहिल्या दोन अटींसाठी ओळख पटवावी लागते. ओळख पटवायची म्हणजे नाव घ्यायचं. आणि नाव एकदा घेतलं की ते कुठेतरी राहतंच. आज ना उद्या कुणीतरी ते मागायला येतं.

यावर आमच्या क्षेत्रात एक जुना आणि सुंदर उपाय आहे. त्याला ब्लाइंड सिग्नेचर म्हणतात. गणित अवघड आहे, कल्पना अजिबात नाही. समजा, तुम्ही एका चिठ्ठीवर मनानेच एक लांबलचक नंबर लिहिला. ती चिठ्ठी आणि वर एक कार्बन पेपर पाकिटात घालून पाकीट बंद केलं. नगरपंचायतीच्या खिडकीवर गेलात. क्लार्कनं तुमचं आधार बघितलं, मतदार यादीत नाव बघितलं, तुम्ही गावचे आहात याची खात्री केली आणि बंद पाकिटावर दाबून सही केली. कार्बनमुळे ती सही आतल्या चिठ्ठीवर उमटली. क्लार्कनं तुम्हाला पाहिलं, पण नंबर पाहिला नाही. नंतर तुम्ही घरी जाऊन पाकीट फोडलं आणि नुसती चिठ्ठी पेटीत टाकली. सही खरी, म्हणजे माणूस गावचाच. पण नंबर कुणाचा, ते खुद्द सही करणारा क्लार्कही सांगू शकत नाही. एका विषयात एका माणसाला एकच सही, म्हणून तोंडही एकच.

आमच्या ॲपमध्ये हे सगळं मोबाइल स्वतःच करतो. पाकीट, कार्बन, चिठ्ठी, सगळं आकड्यांचं. ॲपचं नाव आम्ही ठेवलं ‘चावडी’.

आता नुसत्या नंबराशी गप्पा कोण मारणार? म्हणून मी आणि माझी सहकारी सलमा, दोघींनी बसून टोपणनावांची यादी केली. घरातल्याच वस्तू घेतल्या. पितळी तांब्या, निळी बादली, सागवानी पाट, दगडी खलबत्ता, अशी लांबच लांब. कुणी चिडून ‘अहो खलबत्ता, तुम्हाला काय कळतं’ असं लिहिलं की भांडणातही हसू यायचं.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं केली. दर विषयाला प्रत्येकाचं टोपणनाव बदलायचं. सीओ साहेबांना ते पटलं नव्हतं.

“एकच नाव राहू द्या ना मॅडम. चांगलं लिहिणाऱ्याचा पंधरा ऑगस्टला सत्कार करता येईल.”

“साहेब, कोण ते माहीत नसेल तर शाल कुणाच्या अंगावर घालणार?”

ते हसले, पण मी गंभीर होते. एकच नाव वर्षभर राहिलं की माणूस तुकड्यातुकड्यानं उघडा पडतो. एकदा गल्ली सांगतो, एकदा पोरीची शाळा, एकदा नारायणगडाच्या यात्रेला कुणाबरोबर गेलो ते. लहान गावात तीन तुकडे पुरतात. विषय बदलला की नवी चिठ्ठी, नवी सही आणि नवं नाव, म्हणजे तुकडे जोडताच येत नाहीत. सर्व्हरलाही नाही.

चावडी चालू झाली. गटारावर बोलणं झालं, बाजाराच्या जागेवर झालं. मग पाण्याचा विषय उघडला, आणि पहिल्याच माणसानं फटाका लावला. त्या विषयात त्याला नाव मिळालं होतं पितळी तांब्या.

त्यानं लिहिलं होतं: आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. मग पाण्याच्या जारच्या प्लांटला रोज कसं येतं? त्याचा जोड टाकीखालून आहे, मीटरच्या अलीकडून. खोटं वाटत असेल तर खोदून बघा.

जारचा प्लांट विष्णूभाऊंच्या मेहुण्याचा. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. टाकीखालच्या जोडाची गोष्ट मात्र आतल्या माणसालाच माहीत असणार, असं विष्णूभाऊंनी ठरवलं. म्हणून महादेव दाराजवळ उभा होता.

“तुमचा इंजिनियर सकाळपासून बघून गेलाच की,” मी अण्णांना म्हणाले. त्यांनी छत्रपती संभाजीनगरहून एक ओळखीचा इंजिनियर बोलावला होता. मी त्याला सगळा डेटा उघडून दिला होता, काहीही हातचं न राखता. दुपारी त्यानं सांगितलं, यात नावं नाहीतच. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, हे कसं केलं ते कधीतरी शिकवाल का? माझी मान तेव्हाच ताठ झाली होती. म्हटलं, जिंकलो.

पण मी अण्णांना हे ऐकवत होते, तोच विष्णूभाऊंनी मांडीवर थाप मारली.

“अण्णा! सत्काराचे फोटू!”

मला उद्घाटनाचा दिवस आठवला.

आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. चावडीचं उद्घाटनही शाल-श्रीफळ देऊनच झालं. स्टेजवर एकेका नागरिकानं नोंदणी करायची, ‘गावासाठी एक सूचना’ या पहिल्या विषयात दोन ओळी लिहायच्या, की लगेच शाल, नारळ आणि फोटो. मी मागून ओरडत होते की स्क्रीनचा फोटो नको. लाउडस्पीकरपुढे माझा आवाज कुठे पोचणार? फोटोग्राफर प्रत्येकाला म्हणत होता, “मोबाइल असा म्होरं धरा, नाव दिसू द्या!” आणि लोक हौसेनं धरत होते. जगातलं सगळ्यात मजबूत कुलूप लावून घ्यावं आणि किल्ली गळ्यात घालून मिरवावी, तसला प्रकार.

“फोटूत ज्याच्या मोबाइलवर पितळी तांब्या, तोच आपला माणूस,” विष्णूभाऊ म्हणाले. “महादेव, तुझा बी सत्कार झाल्ता का न्हाई बे?”

“झाल्ता,” महादेव म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “पर अण्णा, माझं पोट हाय याच्यावर. एकडाव इचार करा.”

“इचार फोटू बघून करू.”

मी घाईनं सांगितलं, “अण्णा, नावं दर विषयाला बदलतात. उद्घाटनाच्या दिवशीचा पितळी तांब्या वेगळा आणि पाण्याच्या विषयातला वेगळा. फोटोत जो सापडेल त्याचा या लिहिण्याशी काहीही संबंध नाही.”

“आता सुचलं व्हय हे?” विष्णूभाऊ हसले. “सापडायची येळ आली की नावं बदलत्यात.”

सीओ साहेब मदतीला आले. “नाही, बदलतात खरी. माझ्याशी वाद झाला होता मॅडमचा.” पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की तो पंख्यातच विरला. अण्णांनी फोटोग्राफरला पेनड्राइव्ह घेऊन यायला सांगितलं. दुकान समोरच होतं.

मी फोन आल्याचा बहाणा करून बाहेर व्हरांड्यात आले. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. फोटोत कुणीतरी पितळी तांब्या निघणारच होता. तो महादेव असो की एखादी अंगणवाडीची बाई, ज्याचा फोटो त्याचा बळी. आणि यादीत ते नाव घालणारी मी.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

नावं कशी वाटली जातात, ते आम्ही सोपं ठेवलं होतं. पंगतीत पत्रावळ्या वाढतात तशी, यादीच्या क्रमानं. विषयात जो पहिला बोलेल त्याला यादीतलं पहिलं नाव, दुसऱ्याला दुसरं. नवा विषय म्हणजे नवी पंगत. आणि यादीतलं पहिलंच नाव होतं पितळी तांब्या. म्हणजे कुठल्याही विषयात जो सगळ्यात आधी तोंड उघडतो, तो पितळी तांब्या.

मग उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात आधी कोण बसलं होतं?

मी सलमाला फोन लावला. “सलमा, उद्घाटनाआधी आपण टेस्टिंगच्या एन्ट्र्या टाकल्या होत्या. त्या पुसल्या होत्या ना? क्रम पहिल्यापासून सुरू झाला होता ना?”

“पुसल्या ताई. लाँचच्या आधी सगळं कोरं केलं होतं. काय झालं?”

“काही नाही. पेढे आणून ठेव.”

मी तोंड धुतलं, हसू आवरलं आणि आत गेले. पेनड्राइव्ह आला होता. भिंतीवरच्या टीव्हीला लावला होता. विष्णूभाऊ महादेवचा फोटो शोधत होते.

“थांबा,” मी म्हणाले. “बघायचंच असेल तर पहिल्यापासून बघा. आणि माझी एक अट आहे.”

“बोला,” अण्णा म्हणाले.

“पितळी तांब्या ज्याच्या हातात दिसेल, तोच गुन्हेगार असं तुम्ही म्हणता. मग तो कुणीही असो, न्याय तोच. महादेवला एक आणि दुसऱ्याला एक, असं चालणार नाही.”

अण्णा खुर्चीत ताठ झाले. त्यांना असे प्रसंग आवडतात. “कबूल! माझा सख्खा भाऊ असला तरी आजच घरी बसवीन. सायेब, तुम्ही साक्षीला हाय.”

सीओ साहेबांनी मान डोलावली.

पहिला फोटो फीत कापण्याचा. दुसरा दीपप्रज्वलनाचा. तिसऱ्या फोटोत अण्णा स्वतः होते. अंगावर शाल, काखेत नारळ, कपाळाला गंध. अध्यक्ष असताना पहिली नोंदणी दुसरा कोण करणार? मुहूर्तच त्यांच्या हातचा काढला होता. आणि त्यांनी मोबाइल असा ऐटीत पुढे धरला होता की त्यावरची अक्षरं पार दारापासून वाचता यावीत.

तरीही सीओ साहेब उठून टीव्हीजवळ गेले. चष्मा वर केला आणि पंचनामा वाचावा तसं वाचलं, “पितळी... तांब्या.”

विष्णूभाऊंच्या हातातला रिमोट तसाच राहिला. दाराजवळून एक विचित्र आवाज आला. महादेवनं हसू दाबता दाबता खोकला काढला होता.

“हे... हे कसं?” अण्णा म्हणाले. “म्या तर पाण्याचं काईच लिवलं न्हाई!”

“तेच तर मघापासून सांगतेय,” मी म्हणाले. आवाजात जरा जास्तच गोडवा आला असेल. “फोटोतल्या नावावरून माणूस धरायचा तर तुम्हाला घरी बसवावं लागेल.” मग मी त्यांना पंगत आणि पत्रावळ्या समजावून सांगितल्या. त्या दिवशी पहिल्या पानावर तुम्ही बसला होता, पाण्याच्या पंगतीत कुणी दुसरा बसला, एवढंच.

अण्णा विचारात पडले. माणूस रागीट, पण बुद्धीनं मंद मुळीच नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“मग पाण्याच्या विषयात मला कोणतं नाव आलंय?”

“तुमच्या मोबाइलवर दिसेल. मला माहीत नाही, आणि कळायची सोयही नाही.”

त्यांनी चावडी उघडली. पाण्याचा विषय उघडला. बोटानं वर-खाली केलं. मग त्यांचे कान लाल झाले.

त्या विषयात काय काय लिहिलेलं आहे, ते मी सकाळीच वाचलं होतं. एकानं अण्णांच्या कामाची पुन्हा पुन्हा आरती ओवाळली होती. एकानं विरोधी गटातल्या पुढाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार केला होता. एकानं विष्णूभाऊंच्या मेहुण्याबद्दल चार शेलके शब्द वापरले होते. यातलं अण्णांचं कुठलं, किंवा यातलं काही त्यांचं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

विष्णूभाऊ खांद्यावरून वाकले. “बघू बघू अण्णा, काय नाव हाय?”

अण्णांनी मोबाइल टेबलावर पालथा टाकला. “दुसऱ्याच्या मोबाइलमधी कावून डोकावतो बे?”

विष्णूभाऊ दोन पावलं मागे सरकले. अण्णा माझ्याकडे वळले. आवाज पार खाली आणला.

“म्हंजे मॅडम, हे कुणालाच कळत न्हाई?”

“कुणालाच नाही.”

“तुमाला बी न्हाई? पोलिसानं मागितलं तर?”

“असलं तर देणार ना. नाहीच.”

“निवडणुकीत कुणी फोडलं तर?”

“फोडून आत काय सापडणार? रिकामी पाकिटं.”

अण्णांनी मोठा श्वास सोडला. “मग चांगलंय,” ते म्हणाले. “लई चांगलं केलंय तुम्ही.” आणि दाराकडे बघून म्हणाले, “महादेव, जा रं तू. कामाला लाग. पाणी सोडायची येळ झाली.”

महादेव क्षणभर जागचा हलेना. मग दोन्ही हात जोडले, नेमके कुणाला ते कळलं नाही, आणि निघून गेला. मला इतका आनंद झाला की मी समोर मघापासून गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

आता मजा अशी झाली की नाव मिळत नाही म्हटल्यावर टेबलावर फक्त प्रश्न उरला. इतका वेळ त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. सीओ साहेबांनी घसा साफ केला. “अण्णा, मग तेवढं खोदून बघायचं का? नाहीतर लोक म्हणतील, पाणी मुरतंय.”

अण्णांनी विष्णूभाऊंकडे बघितलं. विष्णूभाऊंनी खिडकीकडे.

“खोदा,” अण्णा म्हणाले.

त्याच संध्याकाळी टाकीखाली खोदलं. जोड निघाला. मीटरच्या अलीकडेच, हातभर खाली, चांगल्या प्रतीचा पाइप. बघायला अर्धं गाव जमलं. पाना महादेवच्या हातात होता आणि जोड त्यानंच बंद केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सभेत प्लांटला रीतसर मीटर लावून कनेक्शन घ्यायला सांगितलं. आठवड्यानं येणारं पाणी दिवसाआड यायला लागलं, तेही चांगल्या धारेनं.

मी पुन्हा त्या गावी गेले तेव्हा बसस्टँडसमोर बॅनर लागले होते. एकावर अण्णा, खाली ‘पाणीदार नेतृत्व’. शेजारी विरोधी गटाचा बॅनर, ‘आम्हीच वाचा फोडली’. त्याच्या शेजारी तरुण मंडळाचा, त्यात अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘होय, आम्हीच पितळी तांब्या!’ मी रस्त्यातच हसत उभी राहिले. ज्या नावासाठी एका माणसाची नोकरी जात होती, त्या नावावर आता सगळे हक्क सांगत होते. गुप्ततेवर मी बरंच वाचलं आहे, पण श्रेय लाटणाऱ्यांची गर्दी हे इतकं चांगलं संरक्षण असतं, असं कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

परत निघताना नगरपंचायतीच्या गेटवर महादेव भेटला. अंगावर धुतलेला शर्ट, चेहऱ्यावर तकाकी. इकडेतिकडे बघून तो जवळ आला.

“मॅडम, तुमाला म्हणून खरं सांगतो. ते पाण्याचं जे लिवल्तं ना, ते...”

“महादेवराव,” मी म्हणाले, “पुढचं वाक्य बोलू नका.”

तो बघत राहिला. मग त्याला कळलं आणि तो मनमोकळं हसला. मीही हसले. त्यानं मला बसपर्यंत सोडलं, आणि आम्ही वाटेत फक्त उन्हाबद्दल बोललो.

तो काय सांगणार होता, ‘म्या लिवल्तं’ की ‘म्या न्हाई लिवलं’, हे मला ठाऊक नाही. आमच्या धंद्यातला धडा एवढाच आहे. गुपित राखायची शपथ घेणारी माणसं पुष्कळ भेटतात; त्यापेक्षा ते कळूनच न घेतलेलं बरं.